पाचशेवालीची प्रकरणं

ऐकलंत का? बी विंगमधल्या वहिनींनी सोसायटीच्या ग्रुपवर भरदिवसा मेसेज टाकला: "कोणाकडे अझीच्या दोन गोळ्या शिल्लक आहेत का? ह्यांना सकाळपासून शिंका सुरू झाल्यात." लाज नाही, लज्जा नाही. आणि पाठोपाठ तीन घरांतून होकार! एका काकूंनी तर वर विचारलं, "अडीचशेची चालेल का गं? नातवाची उरलीय." एके काळी शेजारी विरजण मागायचे. आता अँटिबायोटिक मागतात, आणि देणाऱ्याही अशा थाटात देतात की वाटी भरून परत यायची आहे.

अझी म्हणजे अझिथ्रोमायसिन. पाळण्यातलं नाव इतकं लांबलचक ठेवल्यावर लाडाचं नाव पडणारच. हिचं माहेर झाग्रेबचं. आज तो क्रोएशिया, पण 1980 साली ही जन्मली तेव्हा तिथे युगोस्लाव्हिया नांदत होता. प्लिवा नावाच्या कंपनीतल्या संशोधकांनी एरिथ्रोमायसिन या जुन्या औषधात फेरफार करून ही घडवली, पुढे फायझरने परवाना घेऊन हिला जगभर फिरवलं. घराणं चांगलं, गुणही चांगले. टायफॉइड, काही प्रकारचे न्यूमोनिया, आणखी दोनचार नाजूक दुखणी, अशा ठिकाणी डॉक्टर हिला मुद्दाम बोलावतात. पण आपल्याकडे ती शिंक आली तरी धावते, घसा खवखवला तरी धावते. परवा एकांनी एसीमध्ये झोपल्यामुळे आवाज बसला म्हणून घेतली. हे मी कानांनी ऐकलंय, मनचं सांगत नाही.

आणि ही काही आमच्याच सोसायटीची भानगड नाही हो. 2022 साली लॅन्सेटच्या आग्नेय आशियासाठीच्या नियतकालिकात भारताच्या खासगी बाजारातल्या अँटिबायोटिक खपाचा हिशेब छापून आला. आकडे 2019 चे, म्हणजे कोविडच्याही आधीचे. सगळ्यांत जास्त खपलेली एकच एक गोळी कोणती? अझिथ्रोमायसिन पाचशे. दुसऱ्या नंबरवर सेफिक्झिम दोनशे. जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिक्सचे तीन गट केलेत: नेहमीच्या दुखण्यांत आधी वापरायची ती ॲक्सेस, जपून वापरायची ती वॉच, आणि अगदी शेवटच्या क्षणासाठी राखून ठेवायची ती रिझर्व्ह. आमची अझी वॉचमध्ये आहे. संघटनेची जिनिव्हात बसलेली माणसं जिच्यावर नजर ठेवा म्हणतात, ती इथे नातवाच्या उरलेल्या पट्टीतून शेजारी चाललीय.

बरं, या बाईंना एवढी प्रतिष्ठा मिळाली कशी, तेही ऐका. सर्दी-फ्लू विषाणूचा. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूला ते ढिम्म हलवत नाही. मग "अझी घेतली आणि तिसऱ्या दिवशी ताप गेला" हे लोक शपथेवर कसं सांगतात? कारण फ्लूचा ताप बहुतेकांचा तीनेक दिवसांत आपला आपणच उतरतो. मार्च 2023 मध्ये एच3एन2 फ्लूची साथ आली होती, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने पत्रक काढून हेच सांगितलं: ताप तीन दिवसांत जातो, खोकला मात्र तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो, आणि लोक अझिथ्रोमायसिन, अमॉक्सिक्लॅव वाटेल तशी घेऊन बरं वाटलं की सोडून देतात, ते थांबवा. डॉक्टरांच्या संघटनेला नाव घेऊन सांगायची वेळ आली म्हणजे बोभाटा किती झाला असेल ते बघा. पण लक्षात कोण घेतं! एक दिवस वाट बघायची, दुसऱ्या दिवशी गोळी सुरू करायची, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरला की श्रेय गोळीचं. खोकला उरला की मात्र दोष हवेचा. शिवाय कफ पिवळा-हिरवा झाला की "बघ, इन्फेक्शन झालं" म्हणणाऱ्या मावशी घरोघर आहेतच. साध्या विषाणूच्या सर्दीतही कफाला हे रंग येतात, पण मावशींना कोण सांगणार?

असो. अझीचं एकटीचं असतं तर मी एवढा जीव आटवला नसता. ती ज्यांच्यासोबत फिरते ती मंडळी बघा. खरी खमंग बातमी तिथे आहे.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये दहा मिनिटं उभ्या राहा. "दादा, अंग मोडून आलंय, नाक गळतंय, काहीतरी स्ट्राँग द्या." दादा मागे वळूनही बघत नाही, हात आपोआप खणात जातो. कात्री घेतो, एका पट्टीतून तीन गोळ्या कराकरा कापतो, दुसरीतून सहा, तिसरीतून सहा. आता या कात्रीत एक खुबी आहे. पट्टीच्या पाठीवर नाव, घटक, मुदतीची तारीख आणि ती लाल उभी रेघ असते. ती रेघ असली की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, असं सरकारने 2016 मध्ये मोहीम काढून सांगितलं होतं. कात्री फिरली की मुदतीची तारीख एका तुकड्यावर राहते, नाव दुसऱ्यावर, आणि तुमच्या हातात येतो तो तुकडा फक्त '...मायसिन टॅब्ले...' एवढंच बोलतो. वर खाकी पाकिटावर पेनाने तीन रेघा: सकाळ, दुपार, रात्र. संपलं. आत कोण कोणाबरोबर आहे, कोणाला पत्ता नाही.

लग्न जमवताना छत्तीस गुण, मंगळ, नाडी, गोत्र, सगळं बघतात. एकनाडी निघाली तर चांगलं स्थळ परत पाठवतात. आणि इथे एका पुडीत पाच अनोळखी जणांना कोंबतात, पोटात सोडतात आणि म्हणतात, "जेवण झाल्यावर घ्या."

आता मी कोणावर उगाच चिखल उडवणार नाही. ज्या जोडीची सगळे कुजबूज करतात ती जोडी बहुधा निर्दोष असते. पॅरासिटामॉल आणि अमॉक्सिसिलिन? खुशाल फिरू द्या. अझी आणि पॅरासिटामॉल? बहुतेकांना काही होत नाही. अँटिबायोटिक चालू असताना साधी सेटिरिझिन घेतली म्हणून भुवया उंचावणाऱ्या आत्याबाई आहेत, त्यांना सांगा, आत्याबाई, तुम्ही चुकीच्या गॅलरीकडे बघताय.

खरं लफडं पॅरासिटामॉलचं आहे, आणि तेही स्वतःशीच! हा गृहस्थ एकाच घरात तीन नावांनी राहतो. तापाची म्हणून सहाशे पन्नासची गोळी आणली, त्यात हा. सर्दीची म्हणून एक रंगीत गोळी आणली, तिच्यात पाचशे मिलिग्रॅमचा हाच, शिवाय फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन. अंगदुखीची म्हणून इबुप्रोफेनची जोडगोळी आणली, तिच्यात तीनशे पंचवीसचा पुन्हा हाच. तिन्ही गोळ्या दिवसातून तीनदा घ्या आणि बेरीज करा: 1950, अधिक 1500, अधिक 975. झाले 4425 मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा चार ग्रॅम. वजनाने किरकोळ माणूस, यकृताचं दुखणं असलेला, किंवा रोज संध्याकाळी 'बसणारा', यांची मर्यादा त्याहून खाली. आणि घरातल्या बाई समजतात, मी एक तापाची, एक सर्दीची, एक अंगदुखीची अशा तीन वेगळ्या गोळ्या दिल्या! यकृत बिचारं बोलत नाही. सुरुवातीला मळमळ, अन्नावर वासना नाही, एवढंच होतं. त्याचा आळ कोणावर? "अँटिबायोटिक उष्ण पडलं." झालं! करणारा वेगळाच, नाव मात्र अझीचं.

उष्ण पडण्यावरून आठवलं. आपल्याकडे अँटिबायोटिक उष्ण, म्हणून ते दुधाबरोबर, ताकाबरोबर घ्यायचं, असा एक घरगुती कायदा आहे. अझीचं दुधाशी वाकडं नाही. पण डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन यांचं आहे, आणि चांगलंच आहे. दुधातलं कॅल्शियम त्यांना धरून बसतं, दोघं मिळून आतड्यातून तसेच पुढे सरकतात, रक्तात औषध पोचतं ते अर्धंमुर्धं. लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, ॲसिडिटीचं ते गुलाबी पातळ औषध, सगळ्यांची हीच सवय. सिप्रोफ्लॉक्सासिन घ्यायचं तर या मंडळींच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. अझीलाही ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवाल्या ॲसिडिटीच्या औषधापासून दोनेक तास लांब ठेवलेलं बरं.

आणि झिंक! अहो, कोविडात काय चाललं होतं आठवतंय ना? डॉक्सिसायक्लिन, झिंक, सी व्हिटॅमिन, आयव्हरमेक्टिन, सगळं एकाच डबीत, एकाच घोटात. झिंकही कॅल्शियमसारखंच डॉक्सीला अडवतं. म्हणजे घरोघर लोकांनी एका हाताने औषध घेतलं आणि दुसऱ्या हाताने ते अडवलं. अर्थात, बिघडलं काहीच नाही, कारण त्या डॉक्सीचा कोविडवर उपयोगच नव्हता. ब्रिटनमध्ये मोठ्या चाचण्या झाल्या, 2021 मध्ये निकाल लागले: अझीही नाही, डॉक्सीही नाही. पण तोवर अझीचं नाव असं झालं होतं की खुद्द अमेरिकेच्या अध्यक्षांनी मार्च 2020 मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसोबत तिची जाहीर तारीफ केली. त्या दोघांची जोडी तर आणखी धोक्याची. दोघंही हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात, एकत्र आले तर जास्तच.

हृदयाचं निघालंच तर हळू आवाजात एक सांगते. "अझीने पोट बिघडतं" म्हणून सोबत ॲसिडिटीची गोळी देतात. नुसती पॅन्टोप्राझोल असेल तर गोष्ट वेगळी. पण पुष्कळदा ती 'डी' लावलेली असते, त्या 'डी'त डोमपेरिडोन असतं, आणि डोमपेरिडोनही ठोक्यांच्या लयीत लुडबुड करतं. तरण्याताठ्या माणसाला सहसा काही कळणारही नाही. पण ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे, ज्यांचं पोटॅशियम कमी होतं, ज्यांचं वय झालंय, त्यांनी ही जोडी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घरात घेऊ नये. चक्कर आली, छातीत धडधड वाढली, तर "अशक्तपणा आलाय, लिंबूसरबत घे" म्हणत बसू नये.

चहाचंही एक प्रकरण आहे! सर्दी झाली की आपण काय करतो? आल्याचा चहा, गवती चहा, पुन्हा आल्याचा चहा. सर्दीच्या काही गोळ्यांत वरून कॅफिनही असतं. आणि सोबत सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर ते कॅफिन शरीरातून लवकर जातच नाही, साचत राहतं. मग रात्रभर टक्क जाग, हात थरथरतात, छाती धडधडते, आणि सकाळी फोनवर चर्चा: "औषध फार स्ट्राँग होतं गं." दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्यांनी तर सिप्रोपासून चार हात लांबच राहावं, कारण तेही असंच साचतं आणि ते विनोदावारी नेण्यासारखं नसतं.

आता जे सांगते त्यात मात्र मी अजिबात हसत नाही. लिनेझोलिड नावाचं एक अँटिबायोटिक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या राखीव गटातलं. ते काही कोणी ग्रुपवर मागत नाही. पण औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या उपचारात ते असतं, आणि तो उपचार महिनोन्महिने घरी बसून चालतो. एवढ्या महिन्यांत माणसाला साधी सर्दी होणारच की! तो मेडिकलमध्ये जातो, कोरड्या खोकल्याचं सिरप आणतो, नाक मोकळं करायची गोळी आणतो. सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथोर्फन असलं की लिनेझोलिडबरोबर मेंदूतलं सेरोटोनिन भलतंच चढू शकतं: ताप, थरथर, बेचैनी, गोंधळलेपणा. नाकाच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असलं की रक्तदाब उसळी घेतो. इथे दोष ना पेशंटचा, ना सर्दीचा. विचारायचं कोणी, हाच प्रश्न. टीबीची औषधं चालू आहेत हे काउंटरवर मोठ्याने सांगायला लोक अजून लाजतात, आणि दुसरीकडे अझी मागायला ग्रुपवर दोनशे जणांसमोर लाजत नाहीत. उलटा न्याय!

टीबीवरून लिव्होफ्लॉक्सासिनची आठवण झाली, कारण अझीची ही सवत आता जोरात आहे. "अझीने गुण येत नाही, जरा वरची द्या" असं म्हटलं की ही येते. जुन्या खोकल्यावर ही दोनचार दिवस घेतली की टीबीचे जंतू अर्धवट मार खातात, खोकला थोडा दबतो, आणि टीबी आहे हे कळायला आणखी उशीर होतो. शिवाय इबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांबरोबर हिच्या गटातल्या औषधांनी झटका येण्याचा धोका थोडा वाढतो. आणि काही ठिकाणी 'पुडी' मिळते ना, बिननावाच्या सुट्ट्या गोळ्यांची, तीत एक इवलीशी स्टिरॉइडची गोळी हमखास. 'दोन तासांत फ्रेश' वाटतं ते तिच्यामुळे. ही स्टिरॉइड आणि लिव्हो एकत्र आली की साठीच्या पुढच्या माणसांच्या टाचेमागची जाड शीर दुखावू शकते, कधी तुटूसुद्धा शकते. म्हणजे नाक गळत होतं म्हणून गेलेले आजोबा कुबड्या घेऊन परत!

बिचाऱ्या आजोबांच्या मागे आणखी एक भुंगा आहे. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, खोकल्याच्या सिरपमधलंही क्लोरफेनिरामिन किंवा त्याचा कोणी चुलतभाऊ, आणि रात्री ॲलर्जीची म्हणून तिसरी. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची यामुळे लघवी अडकू शकते. मग मध्यरात्री रिक्षा, कॅथेटर, धावपळ. अँटिबायोटिक इथे नुसतं साक्षीदार असतं. पण सकाळी जिन्यात काय ऐकू येतं? "अझी सहन झाली नाही त्यांना."

आणि फेनिलेफ्रिनचं कळलं का? जवळजवळ प्रत्येक सर्दीच्या गोळीत नाक मोकळं करायच्या नावाखाली बसलेला हा माणूस. सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितलं की तोंडावाटे घेतलेल्या ठरलेल्या मात्रेत याचा नाक मोकळं करायला उपयोग होत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथे त्याला यादीतून काढायचा प्रस्तावही आला. इतकी वर्षं कामावर येत होता, हजेरी लावत होता, आणि काम शून्य! आपल्याकडे तो अजून खुर्चीवर आहे. चार वर्षांखालच्या मुलांना क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनची ती जोडी देऊ नका, असं मात्र आपल्या केंद्रीय औषध नियामकाने 2023 च्या डिसेंबरातच बजावलंय. बाटलीवर तसं छापलेलं असतं, पण आपण चष्मा शोधेपर्यंत बाळाला चमचा दिलेला असतो.

जोडगोळ्यांचं हे प्रकरण कोर्टातही गेलं होतं. मार्च 2016 मध्ये केंद्र सरकारने एका फटक्यात 344 मिश्रणांवर बंदी घातली. त्यात खोकल्याची, सर्दीची नावाजलेली औषधं होती, घरोघर हलकल्लोळ. डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी उठवली, मग सर्वोच्च न्यायालय, मग समिती, आणि सप्टेंबर 2018 मध्ये 328 मिश्रणांवर पुन्हा बंदी. जी मिश्रणं 'गुणावह नाहीत' अशी ठरली, त्यांतली कितीतरी आपण आईच्या हातून गिळलेली आहेत. आईला अर्थात काहीही कळवू नये.

तुम्ही म्हणाल, हिला अझीचा एवढा राग का? राग अझीचा नाहीच. तिची कीव येते. तिचं एक वैगुण्य आहे, ती जायचं नाव घेत नाही. तीन दिवस गोळ्या घेतल्या तरी ती शरीराच्या पेशींत पुढे कितीतरी दिवस रेंगाळते, हळूहळू विरळ होत. ज्या जंतूंना ती मारत नाही, त्यांना ती त्या काळात सवय लावते. दोन गोळ्या घेऊन उरलेली शेजारी दिली तर सवय आणखी पक्की. पुढच्या वेळी खरोखर टायफॉइड झाला, आणि अझी बोलावली, तर जंतू ओळखीचं हसून बसायचे.

ही भीती आजची नाही बरं का. पेनिसिलिन ज्यांनी शोधलं त्या अलेक्झांडर फ्लेमिंगनी 1945 च्या डिसेंबरात, नोबेलच्या भाषणात, चक्क गॉसिप केलंय! एक गृहस्थ आहेत, नाव गुलदस्त्यात. त्यांचा घसा दुखतो. ते स्वतःच पेनिसिलिन विकत आणतात आणि पुरेसं घेत नाहीत. जंतू मरत नाहीत, शहाणे मात्र होतात. मग ते गृहस्थ आपल्या बायकोला जंतू देतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही, बाई दगावते. आणि फ्लेमिंग विचारतात, या मृत्यूला जबाबदार कोण? नवराच! नोबेलच्या व्यासपीठावरून बायकोच्या मृत्यूचा ठपका नवऱ्यावर. (एक गंमत अशी की घशाचा तो जंतू, स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस, आजतागायत पेनिसिलिनला शरण जातो. बाकीचे मात्र फ्लेमिंगच्या भाकिताप्रमाणेच वागले.) आणि पेनिसिलिन काही आपल्याला परकं नाही. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी 1954 मध्ये स्थापन झाली, सरकारी मालकीची, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. पिंपरीकर आजही त्या भागाला नुसतं 'एचए' म्हणतात. औषध गावात बनायला लागलं याचा तेव्हा केवढा अभिमान होता! ते इंजेक्शन डॉक्टरच्या हातूनच मिळायचं. ग्रुपवर कोण मागणार, ग्रुपच नव्हते.

मग करायचं काय, असं मला एकीने विचारलंच. मी म्हटलं, अगं, साधं आहे. घरात चालू असलेल्या सगळ्या पट्ट्यांचे, मागच्या बाजूचे, मोबाइलवर फोटो काढून ठेव, आणि डॉक्टरांकडे किंवा मेडिकलमध्ये गेलीस की आधी ते दाखव. पट्टी कापताना म्हण, "दादा, नावाचा तुकडा मला." एका वेळी सर्दीची एकच मिश्र गोळी, आणि ती चालू असताना वेगळी पॅरासिटामॉल घेण्याआधी मागचं बारीक वाच. रक्तदाबाच्या माणसाला नाकाची गोळी विचारल्याशिवाय नको. पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत इबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन दोघांनाही दाराबाहेर ठेव, पॅरासिटामॉलवर भागव. आणि ताप तीनचार दिवसांत हटला नाही, उतरून पुन्हा चढला, धाप लागली, कान ठणकायला लागला, तर ग्रुपवर नाही, डॉक्टरांकडे. त्यांनी अझी लिहून दिली तर ती त्यांनी सांगितलेल्या दिवसांइतकीच, शेजारच्यांचा वाटा न काढता.

हे सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे वाफारा घेऊ?" घे की. वाफाऱ्याचं कोणाशीच वाकडं नाही, फक्त पातेलं मुलांपासून लांब ठेव, भाजतं.

जाता जाता चौथ्या मजल्यावरची ताजी बातमी. तिथल्या काकांचं पोट बिघडलं म्हणून डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल लिहून दिली, आणि त्याच रात्री त्यांना सर्दी झाली. सर्दीवर काकांचा खानदानी उपाय ठरलेला: गरम पाण्यातून दोन चमचे ब्रँडी. चमचा मोठा असतो, ते जाऊ द्या. मेट्रोनिडाझोलबरोबर दारू नको, गोळ्या संपल्यावरही दोनतीन दिवस नको, असं डॉक्टर बजावतात. नाहीतर उलट्या, चेहरा लालबुंद, डोकं फुटायची पाळी, असं होऊ शकतं. अल्कोहोल असलेली खोकल्याची सिरपंही त्यातच आली. काकूंनी ते पाकिटावर लिहिलेलं वाचून दाखवलं, बाटली उचलून वरच्या फळीवर ठेवली. काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी जाऊन नंबर लावला. काकूंना वाटलं, सुधारले. आत जाऊन त्यांनी डॉक्टरांना एकच विचारलं म्हणे: "ही गोळी बदलून मिळेल का?"